रुसलेल्यांना कावीळ होत नाही

लग्नात कुणीच रुसलं नाही, तर ते लग्न नीट लागलं असं आमच्या मावळात कुणी धरत नाही. फेटा दुसऱ्याला आधी बांधला, पत्रिकेत नाव खालच्या ओळीत गेलं, टोपी डोक्यावर बसेना, टॉवेल पातळ निघाला, कसलंही निमित्त पुरतं. रुसलेला माणूस मांडवातून उठतो, बाहेर गाडीत जाऊन बसतो आणि "पाण्याचा थेंब घेणार न्हाई" म्हणून सांगतो. त्याची बायको-पोरंही मग जड पायांनी, जिलेबीच्या परातीकडं मागं वळून बघत गाडीत जाऊन बसतात. मी या रुसव्यांवर जन्मभर तोंडसुख घेत आले. आता घेत नाही. माझ्या नातीचं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं, ते वाचवलं या रुसलेल्या लोकांनीच. कसं ते सांगते, पण मला मध्येच हसू येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं घर इंदुरीच्या अलीकडं, नदीच्या अंगाला. दारात विहीर आहे, सासऱ्यांनी खणलेली. तिच्या पाण्यात तुरीची डाळ कशी लोण्यासारखी शिजते हे मी आल्या-गेल्याला सांगते, न विचारताही सांगते. नातीचा साखरपुडा आम्ही दारातच केला. मुलगा कुसगावचा, तळेगावच्या एका कंपनीत कामाला, आणि नात तळेगावहूनच रोज लोकलनं नोकरीला जाणारी. दोघांचं आधीच स्टेशनावर जमलेलं, आम्ही नुसतं कुंकू लावलं. तिकडून भरपूर माणसं आली. रुसव्याची मला धास्ती, म्हणून मी टोप्या सगळ्या मापांच्या आणून ठेवल्या होत्या, आणि टॉवेल असे जाड की त्यात तान्हं मूल गुंडाळावं. एकही माणूस रुसला नाही. सगळे जेवले, सगळे विहिरीचं पाणी प्याले, आणि जाताना एकेकानं आमटीचं नाव काढलं. मी त्या दिवशी जमिनीवर चालतच नव्हते म्हणा ना.

महिना उलटून गेला आणि मुलाच्या आईचा फोन आला. "आजी, पोराला कावीळ झालीय. डोळं पिवळंजरद." मग कळलं, त्याच्या बहिणीला झाली. मग शेजारच्या दोन घरांत. मग भावकीत. रोज एक फोन आणि रोज एक नवा पिवळा माणूस. आणि एक दिवस तिचा आवाज जरा बदलून आला.

"राग मानू नका, पण आमच्याकडची माणसं म्हणत्यात, तुमच्या हिरीचं पाणी बाधलं."

"अगं, आमच्या घरात कुणाला शिंकसुद्धा आलेली न्हाई."

"तुमच्या अंगवळणी पडलंय ते पाणी. बाहेरच्या माणसाचं काय."

आणि ती पुढं पुटपुटली ते त्याहून वाईट. तिच्या भावकीतल्या कुणी म्हटलं होतं, कुंकू लावल्या लावल्या घर पिवळं झालं, पोरीचा पायगुणच असला दिसतो. तारीख तूर्त धरू नका, म्हणाली.

नात डबा घासत होती. मी हे सांगितलं तर तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "आजी, पाणी एक वेळ तपासता येतं. पायगुण कुठं तपासायला देतात?" तेवढ्यात तिला मुलाचा फोन आला, तर म्हणतो, मला हळद लावायचा खर्च वाचला बघ. ती हसली आणि मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तेव्हा मी ठरवलं की हे पिवळं आलं कुठून ते शोधायचंच.

दुसऱ्या दिवशी आमच्या आरोग्य उपकेंद्राची सिस्टर आली. हातात नमुन्याची बाटली, पिशवीत पाण्यात टाकायची टीसीएल पावडर. मी तिला विहिरीजवळ जाऊच देईना.

"मावशी, मी विहिरीला शिक्षा करायला आले नाही. नमुना न्यायला आले."

"आमच्या विहिरीचा नमुना म्हणजे आमटी. दोन वाट्या घेऊन जा."

बाई हसरी होती. पायरीवर टेकली, चहा घेतला, आणि तिनं आपलं दुखणं सांगितलं. कावीळ दोन तऱ्हांनी येते, एक रक्तावाटे आणि एक घाण पाण्यावाटे. एकदम एवढ्या माणसांना झाली म्हणजे ही पाण्याचीच. कुठलं तरी एकच पाणी या सगळ्यांच्या पोटात गेलंय. ते शोधायचं तर सगळे पेशंट भेटायला हवेत, रक्त तपासायला हवं, आणि पेशंटच सापडत नाहीत. दवाखान्यात हाताच्या बोटांवर मोजावे एवढे आले. घरी गेलं तर दारात सांगतात, बाहेर गेलेत.

मला हसू आवरेना. "अगं बाई, काविळीचा माणूस तुझ्याकडं कशाला येईल? तो माळेला जातो. रविवारी सकाळी."

माळ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगते. कसल्याशा झाडाच्या बारीक काड्या दोऱ्यात गुंफून डोक्यावर ठेवतात. ती दिवसागणिक लांबत जाते, कानावरून गळ्यात, गळ्यातून पोटापर्यंत उतरते. जशी माळ उतरेल तशी कावीळ उतरली.

"काड्या सुकतात, दोरा सुटतो, म्हणून लांबते ती," सिस्टर म्हणाली.

"पण लांबते ना?"

"लांबते."

"मग झालं तर. चल रविवारी."

तिनं वरच्या साहेबांना फोन करून विचारलं, आणि रविवारी आम्ही दोघी निघालो. माळवाल्या बाबांचं अंगण जांभळीच्या झाडाखाली. तिथं पोचलो आणि मी दारातच थबकले. अंगण भरून माणसं, आणि जो तो माळा घालून बसलेला. एवढे नवरदेव एका मांडवात मी कधी पाहिले नव्हते. माझा होणारा नातजावई कोपऱ्यात होता, मला बघून पाया पडायला वाकला तर त्याची माळ माझ्या पायांवर आधी पोचली.

माळवाले बाबा सिस्टरला म्हणाले, "माझं दुकान बंद कराया आलाव व्हय?"

"नाही बाबा. तुमच्याकडं गिऱ्हाईक जास्त झालंय, थोडं मला द्या."

"घ्या की. मी माळ घालतो, तुमी सुई घाला. एका दमात एवढी मानसं म्याबी कधी बघितली न्हाईत." म्हातारा खरोखरच काळजीत होता. सिस्टरनं त्याला एवढंच सांगितलं की माळ घाला, पण कुणाच्या नाकात थेंब टाकू नका आणि पोटात पाला देऊ नका. तो म्हणाला, नाकाचं तर मी कवाच सोडलं. मग त्यानंच बाकडं पुसून दिलं, आणि तिथं सुया-बाटल्या मांडून ती एकेकाचं रक्त घेऊ लागली.

रक्त घेता घेता विचारायची, महिना-दीड महिन्यामागं बाहेर कुठं जेवलात? कारण ही कावीळ आज पोटात गेली तर उद्या दिसत नाही, कित्येक आठवडे दबा धरून बसते. आणि जो तो सांगायचा, "साखरपुड्याला." माझे कान तापायला लागले. मुलाची आई समोरच पदर सावरून बसली होती, माझ्याकडं बघत नव्हती.

मी बायकांत जाऊन बसले आणि बोलायला लागले. मला दुसरं येतं काय. बोलता बोलता निघालं की साखरपुड्याच्याच आठवड्यात यांच्या भावकीतल्या एका मुलीचं लग्न होतं, हायवेकडच्या कुठल्याशा लॉन्सवर. तिकडंही ही सगळी गेली होती. दोन्ही कार्यं पाठीला पाठ लावून, त्यामुळं दिवस धरून काही सुटेना. लॉन्स म्हणावं की विहीर म्हणावं, संशय दोन्हीकडं सारखाच.

इतक्यात माझं लक्ष टेम्पोवाल्याकडं गेलं. भावकीतलाच तो, माणसं घेऊन आलेला, टेम्पोला टेकून वडापाव खात होता. गाल लालबुंद, डोळे पांढरेशुभ्र. साखरपुड्याला यानं आमच्याकडं इतक्यांदा भात घेतला होता की वाढणारी पोरगी लाजली होती.

"काय रे," मी म्हटलं, "तू का न्हाई पिवळा झालास? माझ्याकडं तर आडवा हात मारलास."

"आजी, तुमच्याकडं जेवलो. पण त्या लग्नात मी जेवलोच न्हाई. आमी रुसलो होतो."

"आमी म्हणजे कोण कोण?"

"आमची सगळी आळी. मोठ्या आबांना फेटाच बांधला न्हाई ना. आबा उठलं, तसं आमीबी उठलो. टेम्पोतच बसलो."

"आणि त्या आळीत कुणाला कावीळ?"

तो वडापाव चावायचा थांबला. "आयला," म्हणाला, "कुनालाच न्हाई की."

मी सिस्टरला हाक मारली ती अख्ख्या अंगणानं ऐकली असेल. ती हातातली सुई ठेवून आली, ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं जसं बाळंतिणीला जुळं झाल्याचं सांगताना उमटावं. तिनं लगेच अंगणात उभं राहून सांगितलं, "त्या लग्नात जे रुसले होते ते टेम्पोकडं. जे जेवले ते जांभळीखाली."

जरा खसखस पिकली, पण माणसं उठली. पेशंटबरोबर सोबतीला आलेल्या धडधाकट बाया-बाप्यांपैकी बरेच टेम्पोकडं गेले. माळवाले झाडून सगळे जांभळीखाली. जांभळीखाली काही ठणठणीतही होते, ते असायचेच, सिस्टर म्हणाली. पण टेम्पोकडं पिवळा एकही नाही. आणि साखरपुड्याला मात्र दोन्हीकडचे जेवलेले. मी प्रत्येकाला टोपी दिली होती, मला तोंडपाठ होतं.

"बघा," टेम्पोकडची एक बाई जांभळीखालच्या जावेला म्हणाली, "मला म्हणलीस, फेट्यासाठी कुनी उपाशी ऱ्हातं का."

"तुला जिलेबी मिळाली न्हाई ती न्हाईच," जांभळीखालून उत्तर आलं.

मी हसत होते, सिस्टर हसत होती, माळवाले बाबा तर खाटेवर बसून डोळे पुसत होते. आणि तेवढ्यात मुलाची आई उठली.

"मग आमच्या मोठ्या आबांचं काय?" ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी तेच रुसलं. थेंब घेतला न्हाई त्यांनी. मग त्यांचं डोळं का लिंबावानी झालेत?"

हे कुणी बोललंच नव्हतं. मोठे आबा म्हणजे मुलाचे सख्खे थोरले चुलते. त्यांना कावीळ झाल्याचं घरच्यांनी दाबून ठेवलं होतं, कारण आबांना चारचौघांत माळ घालून बसायचं नव्हतं. "कुटं हाईत ते?" मी विचारलं. तर म्हणे, जीपमधी बसलेत. त्यांचं बसायचं ठिकाण बदलत नाही बघा.

आम्ही सगळी वरात जीपकडं गेलो. आबा पुढच्या सीटवर. डोक्याला उपरणं, आणि डोळ्यांवर काळा गॉगल, लोणावळ्याला पर्यटकांना विकतात तसला, कडेला चंदेरी पट्टी असलेला. मागं त्यांची धाकटी सून, पोटुशी, सातवा लागलेला.

सिस्टरनं मऊ आवाजात विचारलं, "आबा, त्या लग्नात काही खाल्लंत-प्यालात?"

"घास न्हाई घेतला. इचारा सगळ्यास्नी."

"आणि साखरपुड्याला?"

"तितं पोटभर जेवलो. खोटं कशाला बोलू. आमटी लय झाक होती."

माझ्या आमटीची स्तुती ऐकून मला पहिल्यांदाच रडू फुटायला आलं. मुलाच्या आईनं माझ्याकडं नीट, सरळ बघितलं. तिच्या नजरेत आता माझी विहीरच दिसत होती. आणि सिस्टरनं मान खाली घातली. "मग मावशी, मला लॉन्सवर बोट ठेवता यायचं नाही," ती मला म्हणाली. "एक रुसलेला जरी पिवळा निघाला तरी सगळंच डळमळतं. तिथं तर पुढं लग्नं लागायचीच आहेत. आणि गरोदर बाईला ही कावीळ झाली तर फार वाईट. जिवावर बेतते."

मागून सून बोलली, "आमालाबी जायचंय तितं. माझ्या मावसबहिणीचं लगीन हाय. गेल्या खेपेला उलट्या होत होत्या म्हणून मी घरीच ऱ्हायले, आता तरी जाते म्हणलं."

आबांनी मागं वळून बघितलं. गॉगलमुळं डोळे दिसेनात, पण मान वळलेली तशीच राहिली.

मी जीपच्या दाराला हात टेकला. अशा माणसाला खोटा ठरवून चालत नाही, तो आणखी रुसतो. "आबा," मी म्हटलं, "तुमी जेवला न्हाईत. तुमचा शब्द म्हणजे शब्द, त्यात सौंशय न्हाई. पण त्या दिवशी ऊन काय होतं. तापलेल्या जीपमधी माणूस बसणार तरी किती."

आबांनी गॉगल काढला आणि उपरण्यानं पुसायला लागले. डोळे खरंच लिंबासारखे होते.

"जेवलो न्हाई," ते म्हणाले.

"व्हय."

"पानीबी प्यालो न्हाई."

"व्हय, आबा."

"मठ्ठा प्यालो."

"कुठं?" सिस्टरनं विचारलं.

"आचाऱ्याच्या राहुटीमागं. दोन गिलास. बरफ घालत होतं त्यात, लय गार होता. मठ्ठा म्हंजे काय जेवान न्हाई."

आबांच्या बायकोनं गर्दीतून वाट काढली. "आणि घरी येऊन उपाशी हाय म्हणून मला पिठलं टाकाया लावलं? तुमच्या रुसव्यापायी मला जिलेबी मिळाली न्हाई आणि तुमी राहुटीमागं मठ्ठा पीत होता?"

"म्हणून तर वाचलीस," आबा म्हणाले.

यानंतर तिथं जे काही हसणं झालं ते मला सांगता यायचं नाही. टेम्पोवाला तर चाकाला धरून खाली बसला. माझ्या होणाऱ्या नातजावयाची हसता हसता माळ तुटून काड्या सगळीकडं पसरल्या, आणि माळवाले बाबा म्हणाले, "घ्या, याची तर उतरलीच." मुलाची आई पदर तोंडात धरून हसत होती, आणि हसता हसता तिनं माझा दंड धरला. तो काही तिनं बराच वेळ सोडला नाही.

पुढचं सरळ आहे. लॉन्सच्या पाण्याचा नमुना वाईट आला. तिथं जमिनीखालची पाण्याची टाकी आणि संडासाचा खड्डा शेजारी शेजारी, आणि मधल्या भिंतीला चीर. स्वयंपाकातलं पाणी चुलीवर उकळून निघालं, पण मठ्ठ्यात ते कच्चंच गेलं. तिथला कारभार सगळं दुरुस्त होईपर्यंत बंद केला, सुनेच्या मावसबहिणीचं लग्न दुसरीकडं झालं. आमच्या विहिरीचा नमुना चांगला आला. तरी सिस्टरनं टीसीएल टाकलीच. मी म्हटलं, निर्दोष सुटलेल्यालाही शिक्षा का? तर म्हणाली, आज चांगलं आहे ते उद्याही राहावं म्हणून. चार दिवस वास आला. मी नाक धरून प्याले आणि सांगितलं कुणाला नाही.

मुलाच्या आईनं माफीबिफी काही मागितली नाही. तिनं फोन केला आणि विचारलं, "आजी, हळदीचं कसं करायचं? काविळीच्या माणसाला हळद चालत न्हाई म्हणत्यात." मला तेवढ्यावरून सगळं कळलं. मी सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, "बाहेरून लावलेली हळद लिव्हरला कळत नाही. पण आधी पोराला पूर्ण बरं होऊ दे, विश्रांती घेऊ दे, मग लावा किती लावायची ती." तसं केलं. पुढचा मुहूर्त धरला.

लग्न आमच्या दारातच झालं, आमच्याच विहिरीवर. नातीनं हट्टच धरला, म्हणाली, लॉन्स नको, मला सासूबाईंना त्याच विहिरीचं पाणी पाजायचंय. हळदीला सिस्टरही आली. सगळ्यांची तोंडं, हात, कपडे पिवळे, आणि ही एकेकाला गाठून डोळ्याची पापणी खाली ओढून बघतेय. "आज मला काही ओळखूच येत नाही," म्हणाली. नातीच्या डोळ्यांत बघितलं तर पांढऱ्यावर नुसतं पाणी. आनंदाचं, हे सिस्टरलाही तपासायची गरज पडली नाही.

पहिला फेटा मोठ्या आबांना, हे तर ठरलेलंच. पण आबा फेटा बांधून मांडवात बसले नाहीत. ते दिवसभर मठ्ठ्याच्या पातेल्याशी उभे. आचाऱ्याला जीव नकोसा केला त्यांनी. पाणी उकळलं का, कुणाच्या देखत उकळलं, गार कशात केलं, बरफ कुटनं आला. बर्फ आलाच नव्हता, मी येऊच दिला नव्हता. शेवटी त्यांनी सगळ्यांच्या देखत, राहुटीच्या पुढच्या बाजूला उभं राहून पहिला गिलास प्याला, तेव्हा कुठं पंगतीत मठ्ठा फिरला.

आणि तरी रुसवा झालाच. माझाच धाकटा भाऊ. आजीच्या माहेरचा मान म्हणून त्याला दिलेला शालूच्या रंगाचा फेटा म्हणे व्याह्यांच्या फेट्यापेक्षा फिका होता. उठला आणि गाडीत जाऊन बसला. मी निघाले होते त्याला चार शब्द सुनवायला, तर आबांनी मला हातानं थांबवलं. "तुमी ऱ्हावा आजी. हे माझं काम."

ते मठ्ठ्याचा गिलास घेऊन गाडीपाशी गेले, आणि मी मागं उभी राहून ऐकलं.

"भाऊ," आबा म्हणाले, "रुसायचं तर रूस. पर हितं रुसून कायबी उपेग न्हाई. हितलं पानी उकळल्यालं हाय."

भावानं हात बाहेर काढला आणि गिलास एका दमात रिकामा केला.

"आणखी एक आणाया सांगा," तो म्हणाला.